वांग्याचे डोहाळे

भिंगारला राहायचं हे म्हशीनं ठरवलं. गोरक्षनाथ घरच्यांना नगरच्या पुढं, पाटाचं पाणी असलेल्या कुठल्याशा गावाला नेणार होता. तिथं आपल्या ओळखीचं माणूस आहे असं तो म्हणत होता. ओळख किती घट्ट, ते त्यालाच ठाऊक. खर्ड्याकडून निघून पाच दिवस चाललेली चंद्री सहाव्या दिवशी भिंगारच्या कडेला एका कोरड्या ओढ्याशी आली आणि खाली बसली. गोरखनं शेपूट पिरगाळलं. त्याच्या बायकोनं, चांगुणानं, कासऱ्याचे दोन फटके ओढले. त्याच्या आईनं, दगडाबाईनं, म्हशीच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. चंद्रीनं तिघांचं ऐकून घेतलं आणि जबडा जमिनीवर टेकला.

"राहू द्या," दगडाबाई म्हणाली. "तिला कळतंय ते आपल्याला कळंना."

बहात्तर सालचा दसरा नुकताच होऊन गेला होता. त्या वर्षी कुणाच्या घरी नवं धान्य आलं नव्हतं. ओढ्याच्या काठावर बाभळीच्या आधारानं पाचटाचं छप्पर उभं राहिलं, आणि आठवड्याच्या आत गोरख आणि चांगुणा रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला लागले. दगडाबाईही तीन दिवस गेली. चौथ्या दिवशी तिचा उजवा गुडघा एवढा सुजला की मुकादम म्हणाला, म्हातारे, तुझा पाय बघून खडी बी हसायली. तिची वाटणी ठरली: म्हैस सांभाळायची, शेण थापायचं, आणि सकाळी दूध काढून पलीकडच्या मिलिटरी क्वार्टरांत तीन दारी रतीब घालायचा.

चंद्रीच्या पाठीची हाडं आता छपराच्या वाशांसारखी मोजता येत होती, तरी ती चरवीभर दूध देई. कुठून देई, हा प्रश्न चांगुणा रोज विचारायची.

गावी दगडाबाईच्या दारावरून माणूस गेलं की थांबल्याशिवाय जात नसे. इथं पोरगा आणि सून तांबडं फुटायच्या आधी जात, दिवस मावळल्यावर येत, आणि हाताचे फोड बघत भाकरी खाऊन आडवे होत. त्यांच्याकडून तिला दिवसात चार वाक्यं मिळत. त्यातलं एक, "आये, मीठ दे," असं असे. बाकीचं बोलणं ती म्हशीशी उरकून घेई.

रतीबाच्या पहिल्या दोन दारांत पंजाबी बायका होत्या. त्या भांडं बाहेर ठेवत आणि दूध मापात आहे का ते खिडकीतून बघत. तिसरं दार ओळीच्या टोकाला होतं. पहिल्या दिवशी ते उघडलं तेव्हा आत एक काळीसावळी, लुकडी पोरगी उभी होती, पंचविशीच्या आतबाहेरची. केसांना चपचपीत तेल, हातात पातेलं.

"पाल," ती म्हणाली.

दगडाबाईनं आधी भिंतीकडं पाहिलं, मग छताकडं.

"कुठंय?"

"पाल," पोरगीनं थेट चरवीकडं बोट केलं.

दगडाबाईनं चरवीत डोकावलं. तिनं चरवी खाली ठेवली, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात दुधात घालून तळ चाचपला. पाल नव्हती. पोरगी आधी डोळे मोठे करून बघत राहिली. मग तिनं दोन मुठी खालीवर करून म्हैस पिळायचा अभिनय केला, ओंजळ तोंडाला लावली, आणि पुन्हा म्हणाली, "पाल. पाल."

"दुधाला पाल म्हंता?" दगडाबाई म्हणाली. "आन् मंग पालीला काय म्हंता, माय?"

 पोरगी हसली, आणि दगडाबाई भिंगारला आल्यापासून तिच्याकडं बघून हसलेलं ते पहिलं माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी दगडाबाईनं नीट पाहिलं. पोरीच्या कपाळावर कुंकू नव्हतं. घरात पुरुषाच्या चपला नव्हत्या. खुंटीला शर्ट नव्हता. तिनं मनातल्या मनात बेरीज केली आणि उत्तर आलं: आपल्यासारखीच. एवढ्या कोवळ्या वयात. तिचा गुडघा आपोआप वाकला आणि ती उंबऱ्यावर टेकली.

"उक्कारुंग, अम्मा," पोरगी जमीन दाखवत म्हणाली.

"उकरू? काय उकरू?"

पोरगीनं स्वतःच खाली बसून दाखवलं. दगडाबाई बसलेलीच होती, म्हणून ती जरा आणखी बसली.

तिचं नाव अर्पुदम होतं. ते दगडाबाईच्या जिभेवर चढलं नाही. ती तिला पोरी म्हणायला लागली. नवरा मेलेला नाही हे आठवड्यानं कळलं. ट्रंकेवर एक फोटो होता: गणवेशातला माणूस, ट्रकच्या चाकावर पाय ठेवून उभा. फोटोला हार नव्हता. दगडाबाईनं फोटोकडं बोट करून आभाळाकडं बोट केलं. अर्पुदमनं घाबरून मान हलवली आणि उत्तरेकडं, लांब लांब असा हात केला. पोस्टातून आलेलं पत्र आणून दाखवलं. म्हणजे दादला जिवंत होता, आणि बाईचं कपाळ तरीही मोकळं होतं. याचा अर्थ दगडाबाईला काही केल्या लागेना.

मग एकदा दार जास्त उघडं होतं तेव्हा तिला आतल्या भिंतीवरचा लाकडी क्रूस दिसला.

"अगं, हा तर आमच्या लुकसमास्तरांचा देव," ती म्हणाली. "येशू?"

"येसु! येसु!" अर्पुदमचा चेहरा उजळला.

दगडाबाईला बरं वाटलं आणि रागही आला. गावच्या शाळेतले लुकसमास्तर किरिस्ताव होते आणि तबला वाजवून येशूची भजनं म्हणत, चांगली मराठीत. किरिस्ताव आहे म्हणजे हिला मराठी येत असलंच पाहिजे. इतके दिवस ही पोरगी गंमत करत होती की काय? म्हणून त्या दिवशी दगडाबाई तिच्याशी घडाघडा अर्धा तास बोलली: गावची विहीर, मेलेला नवरा, सुनेची जीभ, गुडघ्याचं दुखणं. अर्पुदमनं सगळं ऐकलं, योग्य जागी च् च् केलं, आणि शेवटी आत जाऊन गुडघ्याला लावायला तेल आणलं.

एवढ्यातलं फक्त गुडघा तेवढं तिला कळलं होतं, कारण दगडाबाई सगळा वेळ तो चोळत होती. पण दगडाबाईनं ही वजाबाकी केली नाही.

एक दिवस पोरीनं उभ्या पितळी गडूत गरम पांढरं पाणी आणून दिलं. "कांजी," ती म्हणाली. हा शब्द दगडाबाईला येत होता. लुगड्याला घालतात ती.

"मला कांजीचं कडक लुगडं नेसून कुठं मिरवायचंय?" तरीही घरी नेली. दारातच चंद्रीनं वास घेतला आणि घमेल्यात ओतली तशी सगळी पिऊन टाकली. तेव्हापासून भाताची पेज रोज म्हशीच्या वाट्याला ठेवली जाऊ लागली. अर्पुदमला वाटे, म्हातारीला कांजी फार आवडते. एवढी की ती घरी घेऊन जाते.

असा दीडदोन घटका वेळ त्या दारात जायला लागला. अर्पुदम तांदूळ निवडे, दगडाबाई खडे शोधी. दोघी आपापल्या भाषेत बोलत. एकीचं संपलं की दुसरी सुरू करी.

उठताना दगडाबाई म्हणायची, "येते गं."

आणि अर्पुदम चौकटीला हात लावून म्हणायची, "पोइट्टू वांग, अम्मा."

आठ दिवस हे ऐकल्यावर दगडाबाईच्या ध्यानात आलं. वांग. पोरगी वांगं मागत होती. पोइट्टू म्हणजे पोटाला, हे काय सांगायला पाहिजे? पोटाला वांगं. एकटी बाई, बाजारात बोलता येत नाही, कुणाला सांगणार?

दुष्काळात वांगं मिळणं सोपं नव्हतं. मिलिटरी छावणीचं सांडपाणी जिथून वाहत येई तिथं एका माळ्यानं चार वाफे हिरवे ठेवले होते. दगडाबाईनं त्याला पाटीभर शेण देऊन दोन वांगी आणली. अर्पुदमनं ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली, दगडाबाईकडं पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांची चिंच घातलेली आंबट भाजी झाकणीत घालून दगडाबाईला दिली. दगडाबाईनं ती ओढ्यात बाभळीआड बसून खाल्ली, झाकणी वाळूनं घासली आणि पदराला हात पुसून घरी आली. सुनेला कळलं असतं तर रात्रभर झोप नसती मिळाली.

आणि निघताना पोरगीनं पुन्हा म्हटलं, "पोइट्टू वांग."

"आणते की गं बाई," दगडाबाई म्हणाली.

शिवरात्रीच्या सुमारास फोटोतला माणूस दहा दिवसांच्या रजेवर आला. देवसहायम त्याचं नाव. ते दहा दिवस दगडाबाईनं दूध दारातूनच दिलं आणि उंबऱ्यावर टेकली नाही. त्यांनी बस म्हटलं तरी बसली नाही. आत दोन माणसं भरभर बोलत होती, न थांबता, एकाचं संपायच्या आधी दुसरं. ते तिला एवढं का लागलं हे तिला सांगता आलं नसतं. तो परत गेला त्या दिवशी ती चार वांगी घेऊन गेली.

वैशाख लागला. चंद्रीचं दूध निम्म्यावर आलं. एके सकाळी अर्पुदम दारातच उभी होती. हातात पत्र, डोळे ओले, आणि तोंडावर हसू. दोन्ही एकदम. दगडाबाईला कुठल्या बाजूनं बघावं कळेना.

"ऊरुक्कु पोरेन, अम्मा," ती म्हणाली.

"आँ?"

"ऊरुक्कु पोरेन." तिनं छातीवर हात ठेवला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी नेऊन एका तारखेभोवतीचं शाईचं वर्तुळ दाखवलं. ट्रंक उघडी होती. जुनी मऊ पातळं बाहेर काढून घड्या घातलेल्या होत्या.

ऊर. आणि पोर. दगडाबाईच्या डोक्यात दोन शब्द एकमेकांशेजारी येऊन बसले. तिनं बोटावर मोजलं: शिवरात्रीला दादला येऊन गेला, म्हणजे अडीच महिने. रोजची वांगी. चिंचेची भाजी. दुपट्याला मऊ कापड. तारखेला गोल. सगळं जमत होतं. इतकं नीट जमत होतं की ती उंबऱ्यावर न बसता सरळ आत गेली, पहिल्यांदाच, आणि दोन्ही हातांचा पाळणा करून हलवून दाखवला.

अर्पुदमनं पाळण्याकडं पाहिलं. लाजली. पदरानं तोंड झाकलं. मग मान डावीकडं उजवीकडं अशी काही हलवली की तिला होय म्हणता येईना, नाही म्हणता येईना.

"कळालं, कळालं," दगडाबाई म्हणाली.

त्याच संध्याकाळी गोरखनं भाकरी खाताखाता सांगितलं, "आये, सोमवारपून दूध गहिनीनाथच्या हाटेलात. सगळं. मी कामावर जाताना देत जाईन. तुला गुडघा घिऊन हिंडाया नको."

दगडाबाईचा हात परातीत थांबला.

"गुडघ्याला काय झालंय? चांगला हाय."

"काल तर उठता येत न्हवतं."

"ते काल."

चांगुणा चुलीपुढून म्हणाली, "गुडघा दुखतो त्यो हिकडं. तिकडं दीड घटका मांडी घालून बसतो."

"कुनी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? तुमच्या गुडघ्याला खोबऱ्याच्या तेलाचा वास येतो, आत्याबाई. आपल्या घरात खोबरेल कवा आलं? आन् परवा तुमच्या पदराला हळदीचा आंबट डाग हुता. चिंचेचा." तिनं भाकरी उलटली. "किरिस्तावाच्या घरी जेवता व्हय?"

गोरखनं आईकडं पाहिलं. दगडाबाईनं चुलीकडं पाहिलं.

"त्या बाईला आपली बोली येत न्हाई," गोरख म्हणाला. "तुला तिची येत न्हाई. करता काय तिथं?"

 सहा महिने ती तिथं काय करत होती हे दगडाबाईला तरी कुठं सांगता येत होतं? तांदळातले खडे काढत होते, असं म्हणाली असती तर पोरगं हसलं असतं. तिला एवढंच दिसत होतं की सोमवारी ते दार बंद होणार, आणि उरलेला उन्हाळा ती आणि म्हैस.

"ती पोटुशी हाय," ती म्हणाली.

चांगुणा वळली.

"तिसरा चालू हाय. वांग्याचं डव्हाळं लागल्यात. दारात हुबं ऱ्हाऊन रोज म्हंती, पोइट्टू वांग. पोटाला वांगं. आन् आज तिनं आपल्या तोंडानं सांगितलं, ऊर आन् पोर. आता पोटुशीच्या तोंडचं दूध तोडून हाटेलात घालायचं आसंल तर घाला."

 चांगुणाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि तिच्यापुढं हा विषय जपून काढायचा असे. ती मात्र भलत्याच ठिकाणी अडकली होती.

"ती आपल्या तोंडानं बोलली, ते तुमाला कुनाच्या कानानं कळालं?"

"बाईचं बाईला कळतं."

"मंग मला बी कळंल," चांगुणा म्हणाली. "मी जाऊन बघते."

गोरखला निकाल लावायची घाई होती, कारण झोप येत होती. "चांगुना बघंल. पोटुशी आसंल तर चालू दे रतीब. नसंल तर सोमवारी हाटेल."

पण नुसतं बघायला जायचं कसं? दगडाबाईनं दोन दिवस विचार केला आणि तोड काढली. तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात, गुपचूप, गाजावाजा न करता. ती स्वतः रांडमुंड, तिला भरता येत नव्हती. चांगुणा सवाशीण होती.

"किरिस्तावाच्या बाईची वटी?" चांगुणा म्हणाली. "ती कुकू लावत न्हाई. बिनकुकवाच्या कपाळाला मी हात कुठं लावू?"

"कपाळाला लावू नको. वटीत घाल."

"आन् घालू काय? मिलो? अमेरिकेच्या लाल जवारीनं कुनी वटी भरली हाय का आजवर?"

दगडाबाईनं छपराच्या कुडात खोचलेलं एक फडकं काढलं. आत ओंजळभर पांढरेशुभ्र तांदूळ होते.

"हे कुठलं?"

"तिनं दिल्तं. पोंगलाला. त्यांचा सन आसतो काय तरी."

चांगुणा तांदळाकडं बघत राहिली. "म्हंजी तिचंच तांदूळ तिच्या वटीत."

"तिला काय म्हाईत?"

"तिला म्हाईत नसंल तर कुनाला म्हाईत आसंल?" पण चांगुणाला हसू आलं होतं, आणि हसू आलं की तिचा निम्मा विरोध जाई. नारळ मिळण्यातला नव्हता. नारळाऐवजी पाच वांगी घेतली. नाहीतरी डोहाळे वांग्याचेच होते. सुपारी गोरखच्या चंचीतून काढली. खण नव्हता, तो राहू द्यायचा असं ठरलं. रविवारी सकाळी निघताना चांगुणा मागं वळून छपरात गेली आणि आपल्या गाठोड्यातलं, लग्नातल्या मांडवपरतणीला आलेलं हिरवं चोळीचं कापड काढून आणलं.

"बघू नका," ती सासूला म्हणाली. "अजून द्यायचं ठरवलं न्हाई."

ओळीच्या टोकाला एक मिलिटरी ट्रक उभा होता. त्यात खाट चढवली होती. ट्रंक, वळकटी, दोरीनं बांधलेली बादली. देवसहायम बनियनवर, गणवेशाची पँट घालून पाटावरवंटा उचलत होता. दोघी बायका वाटेतच थांबल्या. चरवी दगडाबाईच्या कमरेवर होती, आणि चांगुणाच्या हातात ओटीचं सूप.

"हे काय?" चांगुणा म्हणाली.

दगडाबाईला काय ते कळायला हवं होतं. बैलगाडीत खाट चढली की काय होतं हे तिनं त्या वर्षी पन्नास दारांत पाहिलं होतं. तरी ती म्हणाली, "बाळातपनाची तयारी आसंल."

"अडीच म्हैन्यात? खाटसुदीक?"

देवसहायमनं त्यांना पाहिलं आणि वरवंटा खाली ठेवून हात जोडले. त्याला मिलिटरीतलं हिंदी येत होतं. "आओ, अम्मा, आओ. बहुत अच्छा किया. आज हम जाता. मेरा बदली हो गया. इसको गाँव छोड़ेगा."

"गाव?" दगडाबाई म्हणाली.

"गाँव. इसका अम्मा का गाँव. इसने बोला ना आपको? ऊरुक्कु पोरेन. ऊर, गाँव. पोरेन, जाती है."

दगडाबाईनं चरवी कमरेवरून खाली घेतली आणि जमिनीवर ठेवली. चांगुणा मात्र कामाला आली होती आणि काम सोडून जाणाऱ्यातली नव्हती.

"मंजी पोटुशी न्हाई?"

"क्या?"

"पोटुशी. पोट." चांगुणानं आपल्या पोटावर हात फिरवला.

"पेट? पेट ठीक है," देवसहायम म्हणाला. "आपका पेट दुखता? गोली है मेरे पास."

"आन् मंग वांगं कशाला मागती रोज?" चांगुणा सूप पुढं करत म्हणाली. "रोज दारात हुबं ऱ्हाऊन. पोइट्टू वांग, पोइट्टू वांग."

देवसहायमनं बायकोला विचारलं. अर्पुदम दारात आली होती, आवराआवरीनं घामेजलेली. तिनं उत्तर दिलं. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं सुपातल्या वांग्यांकडं पाहिलं, मग दगडाबाईकडं, आणि तोंडावर हात ठेवला.

"वांगी नहीं," तो म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं आणि हसावं की नाही हेही कळत नव्हतं. "हमारे में कोई जाता, तो 'जाओ' नहीं बोलता. अच्छा नहीं. बोलता, पोइट्टू वांग. जा के आओ. बस. इसको तो वांगी अच्छा भी नहीं लगता, अम्मा. मेरे को चिट्ठी में लिखा, एक अम्मा प्यार से लाती, तो खाना पड़ता."

चांगुणानं सासूकडं पाहिलं. पाच महिने शेणाच्या पाट्या माळ्याच्या वाफ्यात गेल्या होत्या. पाच महिने त्या पोरीनं न आवडणारी वांगी चिंचेत बुडवून गिळली होती, आणि निम्मी म्हातारीला वाढली होती, म्हातारीला आवडतात म्हणून. दगडाबाईलाही वांगं फारसं आवडत नसे. हे तिनं आता काढलं नाही.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

"चला आत्याबाई," चांगुणा हळू म्हणाली. "सूप न्या माघारी. आता काय करायचं त्याचं?"

दगडाबाई हलली नाही. ती खाटेकडं बघत होती, मग बादलीकडं, मग पोरीच्या मोकळ्या कपाळाकडं.

"पोर सासरी निगाली, गावाला निगाली, मंजी वटी भरत्यात का न्हाई?" ती म्हणाली.

"भरत्यात."

"मंग भर की. हुबी काय ऱ्हायली?"

चांगुणानं एकदा ट्रकवरच्या जवानाकडं, एकदा शेजारच्या पंजाबी बायकांच्या खिडकीकडं पाहिलं. मग पदर डोक्यावर नीट घेतला आणि पुढं झाली. अर्पुदमला कुणी काही सांगितलं नाही. सूप पुढं आलेलं दिसताच तिनं आपला पदर दोन्ही हातांनी धरून पसरला, जसा पसरायचा असतो तसा. चांगुणा क्षणभर थबकली. मग तिनं तांदूळ घातले, सुपारी घातली, पाच वांगी घातली. हिरवं कापड तिनं मुठीत धरलं होतं. तेही घातलं.

 अर्पुदमनं ते तांदूळ बोटात घेऊन पाहिले, आणि तिला ते ओळखू आले असावेत.

देवसहायमनं तिला पुढं, ड्रायव्हरशेजारी चढवलं. ओटी सांडू नये म्हणून ती पदर एका हातानं धरून चढली. ट्रक सुरू झाला. अर्पुदम खिडकीतून वाकली. तिनं ओठ जुळवले, थांबली, पुन्हा जुळवले. सहा महिने रोज उंबऱ्यावरून उठताना दगडाबाईनं जे म्हटलं होतं ते तिच्या कानात कुठंतरी साठलेलं होतं.

"येते गं," ती म्हणाली.

दगडाबाईनं हात वर केला. गुडघा अडखळला तरी ती दोन पावलं ट्रकबरोबर चालली.

"पोइट्टू वांग, पोरी," ती म्हणाली. "पोइट्टू वांग."

धूळ खाली बसायला वेळ लागला. चरवीतलं दूध तसंच होतं; तिसऱ्या दाराचं माप कुणी घेतलं नव्हतं. चांगुणानं चरवी उचलून आपल्या कमरेवर घेतली. हे तिनं आजवर केलं नव्हतं. दोघी ओढ्याकडं निघाल्या.

"त्यांनला काय सांगायचं?" थोड्या वेळानं चांगुणानं विचारलं. "पोटुशी हाय का न्हाई?"

"मला काय ठावं? मान तर हालवली व्हती."

"कशी?"

दगडाबाईनं हलवून दाखवली. चांगुणानंही तशी हलवून पाहिली. काही निष्पन्न झालं नाही.

"येते म्हनली ती," चांगुणा म्हणाली.

"आपुन न्हाई का म्हनत? जाते कोन म्हनतं? गेलेलं माघारी येतंय असं थोडंच हाय."

"ते आपल्यात. आपुन नुसतं म्हंतो." चांगुणानं चरवी कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतली. "त्यांच्यात काय आसतं, आपल्याला काय म्हाईत? येते मंजी येतेच आसंल एखाद्या वक्ती."

दगडाबाई थांबली. हा हिशोब तिनं केला नव्हता. तिनं मागं वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता आणि क्वार्टराचं दार उघडंच राहिलं होतं.

"उद्या सकाळच्याला," ती म्हणाली, "त्या माळ्याला सांगून ठिवू. दोन वांगी ऱ्हाऊ दे म्हनावं."

"तिला आवडत न्हाईत, आत्याबाई."

"व्हय की," दगडाबाई म्हणाली, आणि पुन्हा चालू लागली. बाभळीखाली चंद्री उभी होती. पेजेची वेळ झाली होती आणि ती त्यांच्या हातांकडं बघत होती.